सासूबाईंच्या तोंडातले खिळे

अख्ख्या पुण्यात कमी बोलणाऱ्या सासूबाई कुणाला मिळाल्या असतील तर त्या मला, आणि याचं सगळं श्रेय गादीकामाच्या बारीक खिळ्यांना आहे. फार वर्षांपूर्वी एका कारागिराने त्यांच्या सोफ्याचं कापड तिरकं लावलं. "सरळ रेष शाळेत शिकवली नव्हती का?" असं विचारून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि हातोडी स्वतः घेतली. तेव्हापासून चपट्या डोक्याचे वीसेक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा, असं चाललंय. तोंड भरलेलं असेपर्यंत घरात शांतता. सगळ्या परवानग्या आम्ही याच वेळात उरकतो, कारण नकार द्यायला खिळे बाहेर काढावे लागतात आणि काम अर्धं टाकणं त्यांच्या रक्तात नाही. मी लग्नाची मागणीही अशीच घातली. दहा मिनिटं मी बोलत होतो, त्या स्टुलाला रेक्झीन ठोकत होत्या. शेवटचा खिळा संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही बसलात त्या खुर्चीचा पाय निखळलाय. तरी पडला नाहीत. बघू." आमच्याकडे या 'बघू'ला होकार समजतात.

कुठेही गेल्या तरी त्या आधी खुर्ची उलटी करून तिचं पोट बघतात. हडपसरला एका साखरपुड्यात यजमानांची कोरी करकरीत खुर्ची पालथी घालून म्हणाल्या, "खिळे नाहीत, नुसत्या पिना मारल्यात. आजच्यापुरती ठीक आहे, लग्नापर्यंत टिकायची नाही." पण त्यांचं खरं कसब खिळे काढण्यात. टोकाला चीर असलेली एक लोखंडी पट्टी खिळ्याच्या डोक्याखाली सरकवायची, लाकडाच्या रेषेकडे बघून हलकेच टोला द्यायचा, की तीस वर्षांचा गंजलेला खिळा मुकाट वर येतो. मग तो सरळ करून मुरांब्याच्या बरणीत.

यंदा त्यांची इमारत पाडून नवी बांधायला घेतली आणि बिऱ्हाड तीन वर्षांसाठी बिबवेवाडीतल्या भाड्याच्या जागेत निघालं. तिथल्या जिन्याच्या वळणावर सोफा अडकला. वर जाईना, खाली येईना. टेम्पोवाल्याने घड्याळ दाखवलं. "मावशी, अर्धा तास थांबतो. पुढची खेप आहे." मेहुणा म्हणाला, "आई, सोड आता. भंगारात देऊ, तुला नवा घेतो." या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात सासरे जन्मभर पेपर वाचत बसले. तिथे पडलेला खळगा त्यांच्या माघारी सासूबाईंनी कुणाला भरू दिला नव्हता. मेहुण्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो त्यांच्याकडे न बघता बोलला.

सासूबाईंनी पदर खोचला आणि पायरीवर बसून पट्टी चालवायला सुरुवात केली. खालचं कापड सुटलं, पाठीचं सुटलं, हातांचे स्क्रू उघडे पडले. मजल्यामजल्यावरून माणसं जिन्यात जमली. टेम्पोवाला पुढची खेप विसरून बरणी धरून उभा राहिला. पंचवीस मिनिटांत सोफ्याचे चार तुकडे झाले, लाकडाचा टवकाही उडाला नाही, आणि तुकडे आमच्या खांद्यांवरून मिरवणुकीसारखे वर गेले. दुपारपर्यंत सोफा जसाच्या तसा उभा. डाव्या कोपऱ्याला हात न लावता त्या उजवीकडे बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाका. टेम्पोवाल्यालाही." जिंकलेल्या माणसाने इतकं कमी बोललेलं मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी सोफा भिंतीला सरकवताना माझा हात पाठीवरून फिरला. मागचे सगळे खिळे अर्धेच ठोकलेले होते. इतक्या वर्षांत त्यांची चूक काढायची संधी पहिल्यांदाच आली होती.

"आई, मागचे पुरते ठोकायचे विसरलात."

"विसरले नाही. तीन वर्षांनी नव्या घरी न्यायचाय. तेव्हा तुम्ही काढायचे. पुरते ठोकलेले तुम्हाला निघणार नाहीत." आणि ती चीर असलेली पट्टी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही असालच की तेव्हा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरणीतून चार खिळे उचलले आणि तोंडात टाकले. ठोकायचं काहीच राहिलं नव्हतं.