कोपऱ्याचा प्लॉट

आम्ही जुने गवतवाले भेटलो की किस्से निघतातच. कोणी ठरवून काढत नाही. माळावरून आल्यावर पँटला कुसळं सापडतात, तसे ते सापडत जातात, आणि उपटायला गेलं की बोटाला टोचतात. मग कोणीतरी चहा मागवतो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. अख्खा देश तिथं लोखंड काढायला निघाला होता आणि आमच्या विद्यापीठानं आम्हाला पाठवलं, गवत पाहायला! धोटे सर आमचे प्रमुख. वासुदेवला मुळांचं वेड, गजाननला मुंग्यांचं, माझ्याकडे बिया. सरांचं काम एकच. खुर्सीपारच्या अंगाला माळाचा एक उजाड तुकडा तारेनं बंद करायचा, गुरं-माणसं बाहेर ठेवायची आणि चार पावसाळे पाहायचं, की जुनं गवत आपणहून परत येतं का. या एका प्रश्नावर सरांनी उभी हयात लावली होती. "सोडून दिलं की येतं," म्हणायचे. पण भिलाईत तेव्हा कोण काय सोडून देणार होतं?

*

दुर्ग स्टेशनवर तिकीट तपासणारा आमच्याच नागपूरकडचा निघाला. तारेची भेंडोळी बघून त्यानं विचारलं, "काय कराले आले जी?"

"गवताचा अभ्यास," सर म्हणाले.

"गवत बी शिका लागते काजी? आमच्या म्हशीले त कोणीच शिकवलं नाही!"

सर हसले. तेव्हा ते हसायचे.

*

अभ्यासाच्या त्या तुकड्याला आम्ही 'प्लॉट' म्हणायचो. हीच चूक झाली. एका रविवारी कारखान्याच्या ऑफिसातले वानखडेबाबू पेढ्यांचा पुडा घेऊन हजर.

"सर, आपण एकाच मुलुखातले. मले बी एक प्लॉट देऊन द्या ना. कोपऱ्याचा असन त बरं."

सरांनी सांगितलं, अहो, हा गवताचा प्लॉट आहे.

"असू द्या, गवत मी काढून घेईन. तुम्ही कवा बांधून राहिले?"

"बांधायचंच नाही. सोडून द्यायचं, आणि पाहायचं."

"बांधाचं नाही, त अडवून कावून ठेवला?" बाबूंनी पेढे उचलले आणि निघून गेले. आठवड्याभरात सगळीकडे बोभाटा झाला की नागपूरचा एक प्रोफेसर मोक्याची जागा दाबून बसलाय. ज्या माणसाला आयुष्यात स्वतःचं छप्पर बांधता आलं नाही, त्याच्याबद्दल ही अफवा!

*

वासुदेवनं तारेबाहेर छातीइतका खोल चर खणला. गवताची मुळं कुठवर जातात ते बघायचं होतं. ओल्या फडक्यानं एकेक मूळ पुसून त्यानं चराची भिंत देवघरासारखी लख्ख केली. मग जेवायला गेला. परत आला तर चरात काँक्रीट!

ठेकेदार खुशीत उभा होता. "बहुत बढ़िया खोदा, साहब! हमने सोचा, नींव तैयार है, तो भर दिया."

वासुदेव मटकन खाली बसला. ठेकेदाराला दया आली असावी. म्हणाला, "हमारे यहाँ आ जाओ. यहाँ से ज़्यादा पगार देंगे."

पुढच्या उन्हाळ्यात वासुदेव खरंच गेला. त्याला दोष कसा देणार? घरी खाणारी तोंडं होती, आणि मुळं काही पोट भरत नव्हती.

*

गजाननच्या मुंग्यांनी एके दिवशी बिऱ्हाड हलवलं. पांढरी अंडी तोंडात धरून रांगच्या रांग तारेखालून बाहेर. गजानन दिवसभर त्यांच्या मागं ओणवा चालत होता. संध्याकाळी परतला आणि सरांकडे न बघता म्हणाला, "सर, त्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

दुसऱ्याच महिन्यात गजाननही नागपूरला परत गेला.

*

एकदा एक रशियन इंजिनीअर दुभाष्याला घेऊन आमच्या तारेपाशी आला. धिप्पाड माणूस. त्यानं कुसळाची एक काडी खुडली, लांब शेपटीचं बी थुंकीनं ओलं केलं आणि तळहातावर ठेवलं. बी गर्रकन फिरायला लागलं. ते असंच फिरत फिरत मातीत शिरतं. एवढा मोठा बाप्या, डोळे पाणावले त्याचे!

दुभाष्या म्हणाला, "साब कहते हैं, इनके गाँव में भी ऐसी ही घास थी."

सर आनंदानं पुढं झाले. "अरे वा! आता तिथं काय आहे, विचारा."

दुभाष्यानं विचारलं. रशियन खाली बघत एकच शब्द बोलला.

"कारखाना."

*

तिसरा पावसाळा संपला तेव्हा प्लॉटमध्ये कुसळ गुडघ्याच्या वर गेलं होतं. अजून एकच पावसाळा हवा होता. सर रोज संध्याकाळी पँटभर कुसळं घेऊन क्वार्टरवर यायचे आणि काकू खिडकीशी बसून ती उपटायच्या, मोरीमागं फेकायच्या.

"माह्यं लग्न तुमच्यासंग झालं का या गवतासंग, थे सांगा एकदा!"

सर म्हणायचे, "एकच पावसाळा राहिला."

उन्हाळ्यात आम्ही सकाळी गेलो, तर तार नाही, खांब नाहीत, गवत नाही. कोण्या ठेकेदाराचा बुलडोझर फिरून गेला होता. जमीन तव्यासारखी सपाट. ड्रायव्हर बाजूला बिडी ओढत होता. म्हणाला, "खाली जगह थी, साहब."

सर त्याच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजले आणि त्यानंतर गवताचं नाव काढेनात. पावसाळाभर ते खिडकीजवळसुद्धा गेले नाहीत. दिवाळीनंतर विद्यापीठाचा निरोप आला, काम संपलं, परत या.

*

निघायच्या दिवशी सामान ट्रकात चढलं होतं. सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी काकूंना बोलवायला मागच्या दारी गेलो. मोरीमागं कुसळ उभं होतं, पार खिडकीच्या गजांपर्यंत. त्यासमोर विळा घेतलेला सफाईचा म्हातारा जमादार, आणि दोघांच्या मधे काकू, पदर खोचून!

"हात नोको लावू! प्लॉट आहे हा आमचा!"

जमादारानं आधी गवताकडं पाहिलं, मग भरलेल्या ट्रकाकडं.

"पलाट हे? त घर कब बनाहू, बाई?"

"बांधाचंच नाही," काकू म्हणाल्या. "सोडून द्याचं, अन् पाहाचं."

जमादारानं मान हलवली. विळा खाली ठेवला आणि ट्रक निघेपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहिला.