दिव्यावरची नोकरी

माझे वडील, आबा, कोकण किनाऱ्यावरच्या एका लहानशा दीपगृहात नोकरीला होते. आई आणि मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. दोन-तीन महिन्यांनी ते चार दिवस घरी येत आणि त्यातले दोन झोपून काढत.

शाळेत असताना एकदा सुट्टीत आम्ही तिकडं गेलो. गोल जिना चढताना आबांनी सांगितलं, "प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी. आपला पंधरा सेकंदांत दोनदा चमकतो. तेवढं मोजलं की बोटवाल्याला कळतं, आपण कुठं हाय आणि खडक किती लांब ठेवायचा." इतकं सलग ते घरी कधी बोलले नव्हते. मी कितवीत आहे, हे मात्र त्यांनी त्याच दिवशी आईला विचारलं.

मी कॉलेजात असताना आईला पक्षाघाताचा झटका आला. मामानं आबांना फोन लावला.

"बदली माणूस आल्याशिवाय हलता येत न्हाय. दिवा लागला न्हाय तर बोटी खडकावर जातील," आबा म्हणाले.

चौथ्या दिवशी आबा आले, तेव्हा आईला पंचगंगेवर अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. कर्तव्याला जागणारा माणूस, असं नातेवाईक म्हणाले. मीही पुढं कित्येक वर्षं लोकांना तेच सांगितलं, तेही अभिमानानं.

निवृत्तीनंतर आबा माझ्याकडं राहायला आले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना दीपगृह दाखवायला नेलं. आता तिथं तिकीट काढून वर जाता येतं. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक कर्मचारी भेटला.

"आता सगळं आपोआप चालतं का?" मी सहज विचारलं.

"आत्ताचं कुठं, ताई? तुमच्या आई गेल्या त्याच्या आदल्या वर्षापासूनच. अंधार पडला की दिवा आपला आपण लागतो. शिवाय मी होतो. जा तुम्ही, मी बघतो, असं साहेबांना म्हणालो होतो."

आबा कठड्याला धरून समुद्राकडं बघत राहिले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तो म्हणाला ते खरं?"

"व्हय."

"मग आला का नाही तुम्ही?"

ते म्हणाले, "दवाखान्यात येऊन मी काय करणार हुतो? घरी मला कधी काय सुचायचंच न्हाय. तिथं सगळं कळायचं."

घाट चढून आम्ही घरी आलो.

मी त्यांना वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या देते. वडिलांचं फार करतेस, असं शेजारणी म्हणतात. यंदा आईच्या श्राद्धाला ते फोटोला हार घालायला पुढं आले. मी हार त्यांच्या हातातून काढून घेतला. ते आतल्या खोलीत गेले. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटलं नाही.