माझ्याही नावाची परवानगी

सुहास गेल्याचा अनघाचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या गर्दीत कॅबमध्ये अडकले होते. "माधुरी, तो गेला," एवढंच ती म्हणाली. नवऱ्याच्या आजाराशी झगडून ती इतकी थकली होती की आवाजात रडूही उरलं नव्हतं. ड्रायव्हरला मी गाडी रावेतकडे घ्यायला सांगितलं, पण वळायलाही जागा नव्हती. तिथेच बसून मी भरपूर रडले. आपल्या मित्रासाठी मनात किंतु न ठेवता रडले ते तेवढंच… नंतर जमलं नाही.

आमची ओळख चाकणच्या एका कारखान्यातली. आम्ही दोघंही क्वालिटी विभागात होतो. ब्रेकचे ओतीव भाग तपासणाऱ्या बायका त्यांच्यावरच्या बारीक भेगा ट्यूबलाइटखाली डोळे ताणून शोधत, आणि शिफ्ट संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. हे काम कॅमेरा करू शकेल, असं सुहासच्या मनानं घेतलं. रविवारी त्याच्या रावेतच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आम्ही प्रोग्रॅम लिहायचो, अनघा मधूनमधून उपमा आणून ठेवायची. फोटोतला ओरखडा, भेग, डाग शोधून देणारी ती सॉफ्टवेअरची लायब्ररी आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. कुणीही घ्यावी, बदलावी, विकावी. अट एकच होती, मूळ करणाऱ्या दोघांची नावं सोबत राहावीत. ती अट सुहासचीच. तो म्हणायचा, "नाव असलं की चुकल्यावर कुणाला धरायचं ते लोकांना कळतं."

मिलिंद आमच्याकडे शिकाऊ म्हणून आला. खोली मिळेपर्यंत तो सुहासच्याच घरी राहिला, अनघाच्या हातचं जेवला. पुढे त्यानं वाकडला स्वतःची कंपनी काढली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सुहासला झाला होता.

मग मोशीच्या प्रदर्शनात आम्ही मिलिंदचं भेगा शोधणारं मशीन पाहिलं. 'संपूर्ण स्वतःचं तंत्रज्ञान' असा मोठा फलक वर होता. सुहासनं खिशातला कोरा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'चित्र कुठंय राव?' कोरं चित्र आलं की दिसावा म्हणून सुहासनंच आमच्या लायब्ररीत कधीतरी गमतीनं घातलेला हा संदेश. आमची नावं काढताना तो काढायचा राहून गेला होता. मिलिंदचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "सर, तुम्ही खुलंच ठेवलंय ना ते?" परतताना गाडीत सुहास म्हणाला, "माधुरी, हे सोडायचं नाही." आम्ही वकिलाकडेही जाऊन आलो. नंतर त्याचं दुखणं निघालं. मी विषय काढला की तो म्हणायचा, जरा बरा होऊ दे, मग बघू. मी थांबले.

शोकसभेत मिलिंद सुहासला गुरू म्हणाला. बाहेर पडल्यावर मी त्याला सांगितलं, तो शब्द तरी वापरू नकोस. तो चिडला नाही. उलट मला समजावल्यासारखं म्हणाला, "मॅडम, सरांनी मला नावांशिवाय वापरायची परवानगी दिली होती. दोघांच्या वतीनं."

मला खरं वाटेना. काही दिवसांनी अनघाला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, आजारपणात मिलिंद घरी आला होता. पायाशी बसून रडला, प्रकरण वाढलं तर कंपनी बुडेल म्हणाला. सुहासला दया आली. "तुला सांगायचं त्याला धाडस झालं नाही गं," ती म्हणाली, "शेवटपर्यंत उद्या सांगतो, उद्या सांगतो करत होता."

मिलिंदनं फसवलं, त्याचा मला राग आला. पण ज्याच्या शब्दावर मी थांबले होते, त्यानं माझं नाव मला न विचारता देऊन टाकलं… त्याला मी काय म्हणू? माफी त्यानं त्याच्या वाट्याची द्यायची होती. माझी माफी माझ्याकडेच होती, आणि अजून आहे. प्रकरण पुढे न्यायचं, असं मी वकिलाला कळवलंय. अनघालाही सांगितलं. ती रागावली नाही, पण तिचा फोनही आलेला नाही.

लायब्ररीच्या पानावर लोकांच्या अडचणी मात्र येतच असतात. गेल्या आठवड्यात भोसरीच्या एका छोट्या कारखान्यातून कुणी लिहिलं, काळ्या रबरी भागांवरच्या चिरा कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. अशा वेळी सुहास प्रोग्रॅमकडे वळायचाच नाही, आधी एकच गोष्ट विचारायचा. मी बराच वेळ दुसरं काही सुचतंय का ते पाहिलं. मग त्याचाच प्रश्न टाइप केला, "प्रकाश कुठून पडतोय?" आणि खाली, जिथे आम्ही दोघांची नावं लिहायचो तिथे, फक्त माझं नाव लिहिलं.