चाव्यांची फळी

आमच्या घरात शिरताना डाव्या हाताला एक फळी आहे. तिला सहा खिळे. आळीतली पाच घरं वर्षातले नऊ-दहा महिने बंद असतात; त्यांच्या चाव्या तिथे असायच्या. माणसं ठाण्याला, पुण्याला नोकरीवर जाताना चावी आमच्याकडे ठेवून जात. मग त्यांच्या वाडीतला पंप लावायचा, नारळ पाडणारा आला की त्याच्यासोबत उभं राहायचं, खिडक्या उघडून घराला वारा द्यायचा, हे आमच्याकडे. आजोबांपासून चालत आलेलं. सहावी चावी शेजारच्या काकूंची. त्या गावातच राहत, पण लेकीकडे पेणला जाणं-येणं असायचं, म्हणून त्यांचीही एक चावी फळीवर असायची.

गाव रेवदंड्याच्या अलीकडे, नारळ-सुपारीच्या वाड्यांचं. वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. खाडीत सोडलेल्या सांडपाण्यावर, बंदरासाठी जाणाऱ्या जमिनींवर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. ‘जाहीर निषेध’ मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता येत होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आई पनवेलला भावाकडे असते. घर, वाडी आणि लिहिणं घेऊन मी इथे एकटी राहते.

दोन वर्षांपूर्वी आळीच्या टोकाची वाडी विकली गेली. घेणाऱ्याने माड तोडले आणि लग्नाचं लॉन केलं. लग्नसराईत आळीत गाड्या अशा लागत की सायकलसुद्धा उचलून काढावी लागे. त्यांनी खोल बोअर मारली आणि आमच्या विहिरी मार्चमध्येच तळाला गेल्या. सगळे चिडले आणि माझ्याकडे आले. तू लिही म्हणाले, तुमच्या घरात ते आहेच.

मी ग्रामपंचायतीला चार पानांचा अर्ज लिहिला. ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवला, तेव्हा एकाने सुचवलं की नुसतं लॉनचं नाव घाल आणि मोकळी हो. मी नाही म्हटलं. माणसाविरुद्ध लिहायचं नाही, गोष्टीविरुद्ध लिहायचं, असं मी वडिलांकडून शिकले होते. म्हणून मागणी केली की राहत्या वस्तीत विनापरवाना चाललेला सगळा धंदा बंद करावा. लॉनकडे परवाना नसणार याची मला खात्री होती. तपासलं नव्हतं.

ते वाक्य लिहिताना काकूंच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या होत्या. काका गेल्यापासून त्या मागच्या खोल्या पर्यटकांना देत, वालाचं बिरडं आणि भात करून वाढत. त्यांचं घर त्यावरच चालायचं. पण याला धंदा कोण म्हणेल, असं वाटलं आणि मी पुढचं वाक्य लिहिलं. अर्जावर पहिली सही काकूंचीच होती.

महिन्याभरात नोटिसा निघाल्या. लॉनला नाही. लॉनकडे बिनशेतीचा कागद होता, सही-शिक्क्यासकट. नोटिसा आल्या घरच्या खोल्या देणाऱ्या तिघांना, ओटीवर कोकम सरबत विकणाऱ्या एका बाईंना आणि काकूंना. ग्रामसभेत मी उभी राहिले, विहिरींचं बोलू लागले. लॉनचा मालक शांतपणे म्हणाला, “ताई, तुमच्या अर्जातल्या शब्दन् शब्दाशी मी सहमत आहे.” सभा हसली. आमची आळीही हसली.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडता मला येतं. बंद घरांचे मालक एकेक करून चावी न्यायला आले. “जरा लागतेय,” एवढंच. चहा नको म्हणाले. लॉनवर दिवसभर वॉचमन असतो, पंपही तोच लावतो, हे मला नारळ पाडणाऱ्याने सांगितलं. “ताई, तिकडं हुकांना नंबर टाकल्यात,” तो म्हणाला. “तुमच्याकडं नुसत्या चिंध्या बांधल्याल्या व्हत्या.”

शेवटी काकू आल्या. आमच्या दोन वाड्यांच्या कुंपणात एक वाट आहे, त्या नेहमी तिथून येत. त्या दिवशी पुढच्या दाराने आल्या. त्या बसायच्या आत मी बोलायला लागले. खोल्यांची नोंदणी करून घेऊ, अर्ज मी भरते, खेपा मी घालते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“घर मी लॉनला दिलं गं,” त्या म्हणाल्या. “नवऱ्यामुलाकडची मंडळी उतरतील. कागदाचं ते बघणार आहेत. मी आता लेकीकडेच.”

“मला आधी विचारलं का नाहीत, काकू?”

“तू विचारलं होतंस?”

त्यांनी फळीवरून चावी काढली आणि पदराला पुसली.

“तुझे वडील पत्रक छापायच्या आधी मला वाचायला आणायचे. कुणाचं घर मध्ये येतंय का बघा, म्हणायचे. दोनदा मी त्यांना फाडायला लावलंय.”

हे मला माहीत नव्हतं. वडिलांनी फाडलेली पत्रकं मी कधी पाहिली नव्हती. मी छापलेलीच वाचत मोठी झाले. काकू गेल्या. चावीला आईने बांधलेली हिरवी चिंधी तशीच होती.

लॉन चूक आहे असं मी आजही म्हणते. विहिरी आटल्यात, ते खोटं नाही. बोअरविरुद्ध मी वेगळी तक्रार केली. या वेळी नाव घालून, सही एकटीची. गेल्या आठवड्यात तिच्या सुनावणीला अलिबागला जायचं होतं, दोन दिवस. मी दाराला कुलूप लावलं, पायऱ्या उतरले आणि सवयीने चावी काकूंकडे द्यायला कुंपणातल्या वाटेकडे वळले. पलीकडे काकूंच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

आळीच्या टोकाला वॉचमनने माझ्या हातातली चावी पाहिली. “मॅडम, ठेवायची आहे का?” त्याने विचारलं. चांगल्या मनानेच विचारलं.

मी नको म्हटलं. चावी पिशवीत, कागदांच्या खाली टाकली आणि रिक्षासाठी नाक्याकडे चालू लागले. दोन दिवस पंप लागणार नव्हता.