चौथा चौकोन

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधात एक पान ठरलेलं असायचं. त्या पानावर चौकोन काढायचे, ते बाणांनी जोडायचे आणि आपल्या संशोधनामागे कोणता विचार आहे, कशाचा परिणाम कशावर होतो, हे दाखवायचं. याला संकल्पनांचा आराखडा म्हणत. आमच्या वर्गात तो कुणी तयार करत नसे. लायब्ररीत एका अमेरिकन पुस्तकाची एकच प्रत होती. त्यातल्या आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती उतरवून घ्यायची, एवढंच. इतक्या जणींनी ती गिरवली होती की रेघांना खाचा पडल्या होत्या. मीही गिरवली. नर्स, रुग्ण, परिसर. तीन चौकोन, पाच बाण, अर्ध्या तासाचं काम.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते. घाटकोपरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पंधरा वर्षं हाडांच्या वॉर्डात काढून, अभ्यासरजा घेऊन शिकायला आले होते. प्रबंध मंजूर झाला तर नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची जागा मिळणार होती. नाही झाला तर पुन्हा तोच वॉर्ड, आणि रजा वाया घालवल्याचे टोमणे.

विषय मी ओळखीचा घेतला होता: बेडसोअर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. प्रत्येक खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो. कूस बदलली की नर्सने त्यावर टिक करायची. मी माझ्याच वॉर्डात जाऊन तक्ते उतरवले आणि पाठी तपासल्या. हिशेब काही जुळेना. भरगच्च टिका असलेल्या एका रुग्णाला मुठीएवढी जखम होती. आणि खिडकीजवळच्या खाटेवर बांधकामाच्या परांचीवरून पडलेला एक गवंडी होता, कमरेखाली लुळा झालेला. त्याचा तक्ता अर्धा कोरा, आणि पाठ मात्र स्वच्छ.

त्याची बायको मानखुर्दहून आली होती ती तिथेच राहिली होती, खाटेखाली चटई टाकून. तिला विचारलं, "याची कूस कोण बदलतं?"

"मीच की! दुसरं कोन?" ती म्हणाली. "त्या खिडकीभायरच्या शाळंची घंटा झाली की एक कूस. शाळा सुटल्यावर मग अंदाजानं."

तिने करून दाखवलं. अंगाखाली आडवी घातलेली चादर एका झटक्यात ओढली, गुडघ्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याची गुंडाळी घातली, टाचा अधांतरी ठेवल्या. आज माझ्या विद्यार्थिनींनाही इतकं सफाईदार जमत नाही.

"मग मला कशी कधी दिसली नाहीस?"

"दिसनार कशी, बाई? डाक्टर आले की तुमी शिस्टर लोकच वरडता, चला, बाहेर व्हा. तुमी वही घिऊन येता तवा मी जिन्यात बसलेली असते."

खरं होतं. पंधरा वर्षं राऊंडच्या आधी नातेवाइकांना मीच हुसकून लावत होते. वॉर्ड नीटनेटका दिसावा म्हणून. आणि चाळीस खाटांना आम्ही दोघी असायचो, त्यामुळे पाळी संपताना एका दमात टिका मारण्याचं कामही मी केलेलं आहे. भरगच्च तक्त्याचं कोडं मला दुसऱ्या कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती.

गिरवलेला कागद मी फाडला. नव्यावर चौथा चौकोन काढला आणि आत लिहिलं, नातेवाईक. त्याच्यापासून रुग्णाकडे जाडजूड बाण काढला.

माझ्या गाईड मॅडम नर्सिंगमध्ये जुन्या, शिस्तीच्या आणि कामाला वाघ. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हा कुठून आला?"

"वॉर्डातून."

"अगं, चौकोन वॉर्डातून येत नाहीत, पुस्तकातून येतात. नातेवाईक परिसरात धर आणि मोकळी हो."

"परिसरात पंखा येतो, मॅडम, खिडकी येते. पंखा कुणाची कूस बदलत नाही."

"जीभ फार चालते तुझी." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं. "हे छापलं तर लोक काय म्हणतील? नर्सा खोट्या टिका मारतात आणि काम बायका-पोरं करतात. आपल्याच घराला आग लावतेस तू."

"चाळीस खाटांना दोघी आहेत, हेही त्याच पानावर लिहिलंय. ते वाचून कुणाला लाज वाटायची तर वरच्यांना वाटू दे. मला नाही वाटत."

"बाहेरच्या परीक्षक फाडून खातील तुला."

"खाऊ देत."

बाहेर माझी वर्गमैत्रीण थांबली होती, कांदिवलीची. तिने कपाळावर हात मारला. "वेडी आहेस का गं? सगळ्यांनी तीन काढलेत, तूही तीन काढ ना! एका चौकोनासाठी ट्यूटरकी घालवणार?"

"एका चौकोनासाठी नाही. ती बाई जिन्यात बसते म्हणून."

"तिला तुझ्या प्रबंधाचं काय पडलंय?"

"काहीच नाही. मला पडलंय."

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. बाकीच्यांच्या आकृत्यांखाली पुस्तकाचं नाव होतं. माझ्या आकृतीखाली टाइप केलं होतं, 'संशोधिकेने स्वतः तयार केलेली'.

"मूळ सिद्धांतात नातेवाईक नाही," त्या म्हणाल्या.

"तिकडे अमेरिकेत नातेवाईक भेटीच्या वेळेला येतो, बसतो आणि जातो. आमच्याकडे तो बेडपॅन देतो."

"आणि नर्सपासून नातेवाइकाकडे ही तुटक रेघ कसली?"

"आम्ही त्यांना काही शिकवत नाही, नुसतं हाकलतो. शिकवायला लागलो की सलग काढेन."

मॅडम शेजारी बसून टेबलाकडे पाहत होत्या. परीक्षक बाईंनी आणखी तासभर सोललं. रुग्ण इतके कमीच का घेतले, जखम कशी मोजली, सगळं. शेवटी पास केलं, एका अटीवर. आकृती मुख्य प्रकरणातून काढून मागे परिशिष्टात टाकावी, आणि गाईडच्या सहीने अंतिम प्रती द्याव्यात.

परिशिष्ट म्हणजे पुन्हा जिनाच. मी काही हलवलं नाही. होतं तसंच बाइंडिंग करून घेतलं आणि चार जाड प्रती मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी सही केली नसती तर मी पुन्हा वॉर्डात, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यांनी पहिली प्रत उघडली, पान शोधलं.

"हलवली नाहीस."

"नाही."

"परीक्षकांना मी काय सांगू?"

"मी ऐकलं नाही म्हणून सांगा."

त्यांनी चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी आई गेली त्याआधी महिनाभर तिची कूस माझ्या बहिणीने बदलली. मी ड्युटीवर होते." त्यांनी पेन उघडलं आणि सह्या करायला घेतल्या. चौथ्या प्रतीवर शाई संपली. मी माझं पेन पुढे केलं.