चारशे टनांखालचा शरच्चंद्र

तुम्ही मालाडला नाहीतर घाटकोपरला विसाव्या मजल्यावर खिडकीत चहा पीत बसता ना, तेव्हा खाली जमिनीत काय आहे याचा विचार करत नाही. करूही नका, झोप उडेल. इमारत ज्यांवर उभी राहते त्या पाईल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब, वजन घेतात की खचतात हे तपासणं आमचं काम. पाईलच्या डोक्यावर जॅक ठेवायचा, त्याच्यावर लोखंडी गर्डरांचा माचा आणि माच्यावर काँक्रीटचे ठोकळे रचायचे, चारशे टन. मग पंप मारून जॅक फुगवायचा. वर ठोकळ्यांचं ओझं असतं, त्यामुळे सगळा दाब खाली पाईलवर येतो. पाईल किती खाली गेली ते चार डायल सांगतात. पंपावर मी, अल्पेश सावंत. डायल वाचायला माच्याखाली शरच्चंद्र पाटकर, आमचा दादा.

खरं तर माच्याखाली माणूस घालायचा नसतो, लांबून कॅमेऱ्याने वाचायचं. आमच्या कंपनीकडे कॅमेरा नाही, शरच्चंद्र आहे. जेमतेम पाच फूट उंची, अंगावर मांस नाही. कमरेइतक्या फटीतून हा सरपटत आत जातो आणि आतून आकडा ओरडतो.

मूळचा देवगडकडचा. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि हा एकोणिसाव्या वर्षी बोअरिंगच्या टोळीत लागला. तिथं काम काय, तर घणाचे ठोके मोजायचे. सळई वीतभर आत जायला किती ठोके लागले त्यावरून माती कडक की भुसभुशीत ते ठरतं. बाकीचे मोजता मोजता गप्पा हाणायचे आणि एखादा ठोका सुटला तर अंदाजाने लिहून मोकळे व्हायचे. हा तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा घण तिरका पडला म्हणून याने अख्खं भोक परत मारायला लावलं. टोळीने आईमाईवरून शिव्या घातल्या, पण भोक परत मारलं. पुढं लोड टेस्टला आला तेव्हा तर शरच्चंद्रचा आकडा म्हटला की मोठमोठे सल्लागार डोळे झाकून सही करायचे.

आणि त्याच माणसाला वर्षभर नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू. त्याच्या बायकोशिवाय, विमलावहिनीशिवाय, कुणाला पत्ता नव्हता. ऑपरेशन साधं असतं, पण नंतर महिनाभर धुळीत जायचं नाही. आम्ही रोजावरची माणसं, महिनाभर आमची जागा कोण राखतो? त्यात डायल वाचणाऱ्याला दिसत नाही हे फुटलं तर परत बोलावणार कोण? वय छप्पन्न, घरात कमावता तो एकटा. म्हणून बसला गप्प.

गेल्या मे महिन्यात मालाडला खाडीच्या बाजूला टेस्ट लागली. झोपडीवाल्यांसाठी बावीस मजली पुनर्वसनाची इमारत. जमीन म्हणजे नुसता काळा चिखल. सकाळी सातला पूर्ण दाब दिला. तो चोवीस तास धरून ठेवायचा आणि दर तासाला डायल वाचायचे. आठच्या आत माझ्या दाबाच्या मीटरचा काटा खाली आला. मी पंप मारला. नवाच्या आत परत तेच. आतून दादाचा आकडा मात्र ठाम. ‘तीन अठ्ठेचाळीस,’ म्हणजे साडेतीन मिलिमीटरला जरा कमी. तासाने, ‘तीन बावन्न.’ म्हणजे पाईल जागची हलत नाही. अरे, पाईल खाली सरकली तर दाब पडतो, ती हलतच नाही तर पडतो कसा?

देवेश सर, म्हणजे आमचे इंजिनिअर, सरळ माझ्यावर घसरले. “अल्पेश, तुझा जॅक गळतोय.”

माझं टाळकंच सटकलं. आदल्या दिवशी जॅक खोलून मी नवीन सील टाकलं होतं. प्रत्येक जोडावर बोट फिरवलं, तेलाचा थेंब नाही. “दादा, नीट बघ ना यार!” मी बोंब मारली.

अकराला दादा आत गेला तो आकडाही ओरडेना आणि बाहेरही येईना. मी फटीत शिरलो. दादा पालथा पडला होता. मोबाईलने डायलचा फोटो काढून, मोठा करून, अगदी नाकाला लावून बघत होता.

“सात आसा रे,” तो म्हणाला. “तीन नाय. सात.”

डायलला दोन काटे असतात. मोठ्याचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. किती फेरे झाले ते छोटा काटा दाखवतो, नखाएवढ्या तबकडीत. दादाला मोठा काटा धूसर का होईना दिसायचा, छोटा दिसतच नव्हता. सकाळी दाब चढताना मोजलेला तीनच तो आठवणीने पुढं सांगत होता. आणि पाईल तासाला मिलिमीटरभर खाली चालली होती, त्यामुळे मोठा काटा फेरा मारून दर तासाला पुन्हा तिथंच भेटायचा.

“माका छोटो काटो दिसणा नाय. वरीस झाला,” दादा म्हणाला. “मी अडाकलंय रे, अल्पेश. सांगलंय तर घराक बसतलंय. नाय सांगलंय तर ह्या पाईलीवर माणसां ऱ्हवतली.”

डोक्यावर चारशे टन, खाली आम्ही दोघं पालथे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचाच राग आला. याच्यापायी माझ्या जॅकची इज्जत गेली होती. “आत्ता बोलतोस होय रे म्हाताऱ्या?” म्हटलं. मग तो मोबाईल खिशात टाकून फटीकडे सरपटायला लागला आणि मी जीभ चावली.

तो बाहेर आला. वही उघडून सकाळपासूनच्या आकड्यांवर रेघ मारली आणि देवेश सरांपुढे धरली. “सर, हे चुकीचे आहेत. मला मोतीबिंदू आहे. पाईल खचतेय.” सदतीस वर्षांचं काम त्याने तेवढ्यात सरांच्या हातात ठेवलं. मला वाटलं, संपलं याचं.

सरांनी वही घेतली. पाईल नापास म्हणजे सगळं डिझाईन परत, महिने जाणार, बिल्डर बोंबलणार. मग त्यांनी ते पान फाडून खिशात टाकलं. “दादा, उन्हाने चक्कर आली असेल तुम्हाला. आधीचेच आकडे बरोबर आहेत, नवीन पानावर उतरवून द्या. जॅक गळतो असा शेरा मारतो मी.”

“सर, मला दिसत नाही.”

“मग दिसायला पाहिजे असं मी कुठं म्हणतोय?” सर हसले, अगदी घरच्या माणसाशी हसावं तसे. “पुढच्या तीन टेस्टपण तुमच्याच. आणि ऑपरेशनची घाई करू नका.”

दादाने नवीन पान लिहिलं. खाली पंपवाल्याची सही लागते. मी केली. जॅक गळतो, आणि त्याखाली माझी सही! मलाही घर आहे, पोरगी शाळेत आहे. पण ते कारण झालं का? नाही झालं. लाज वाटते.

तेव्हापासून दादाला मागणी आलीय. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, सर स्वतः फोन करतात, न्यायला गाडी येते. नोकरी जाईल म्हणून भीत होता ना? आता ती जायचं नाव घेत नाही. आत जातो, आकडा ओरडतो, बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. डबा तसाच घरी नेतो.

परवा रविवारी त्याच्याकडे भांडुपला गेलो होतो. विमलावहिनी डोळ्यांच्या शिबिराची चिठ्ठी घेऊनच बसली होती. फुकट ऑपरेशन, बुधवारी.

“अल्पेश, तूच सांग रे यांना,” ती म्हणाली. “आधी म्हणायचे जागा जाईल. आता कंपनी गाडी पाठवते, तरी नाहीच म्हणतात. महिनाभर यांच्यावाचून काय अडणार आहे का कंपनीचं?”

दादाने माझ्याकडे तोंड वळवलं. त्याला मी कितपत दिसत होतो देव जाणे. नको, अशी मान मात्र त्याने हलवली.

माझं तोंड साईटवर कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. मी म्हणालो, “हो वहिनी. अडतंच.”

वहिनीचा चेहरा एकदम फुलला. “बघा,” ती दादाला म्हणाली, “तुमची कदर आहे तिथं.” चिठ्ठी तिने देवाच्या फोटोमागे सरकवली आणि चहा टाकायला आत गेली.