दहांतली पहिली प्रत

आमच्या भावकीतल्या सातही घरांत एकाच फोटोची पहिली प्रत कशी, असं कोणी विचारलं की मी आजवर विषय बदलत आलो. आता वय झालं, विषयही संपले.

माझी लेक मनाली मुंबईत फोटोग्राफी करते. नाते नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे शिमग्याला पालखी नाचते, तिचा तिने फोटो काढला आणि भारी कागदावर मोजून दहा प्रती छापल्या. प्रत्येकीखाली सही आणि पेन्सिलीने आकडा: १/१०, २/१०, असा.

"बाबा, अकरावी कधीच निघणार नाही, म्हणून तर हिला किंमत. पहिल्या तीन विकायच्या, बाकीच्या सात आपल्या भावकीला. तुम्ही वाटा."

(लेकीने बापावर विश्वास टाकला, एवढीच तिची चूक.)

थोरल्या घरच्या तुकारामदादांनी चारचा आकडा बघून हात मागे घेतला. "पालखीला पयला खांदा आमचा. आन् फोटोत आमी चवथे?"

"दादा, सगळ्या सारख्याच. आकडा नुसता ओळखीला."

"मग पयली कोणाला दिलीस?"

"मुंबईच्या एका साहेबांनी घेतली."

"त्यांनी कदी खांदा दिला रे?"

दादा घेत नाय तर आमीबी नाय, असं म्हणत बाकीचेही परतले. संध्याकाळी साती प्रती माझ्या ओटीवर, आणि पुढच्या शिमग्याला पालखी उचलायची कोणी, हा प्रश्न! शेवटी मी वाण्याकडून खोडरबर आणला. लेकीच्या वळणात प्रत्येकीवर १/१० लिहिलं (आमच्या घरच्या प्रतीवरही, आपणच का मागे राहायचं?) आणि एकेकाच्या कानात सांगितलं, "पहिली तुलाच. कोणाला बोलू नको."

पुढच्या शिमग्याला ते साहेब पालखी बघायला आले. लेकीचं ते पहिलंच गिऱ्हाईक. आमच्याकडे पाहुण्याला एकाच घरचा चहा पाजून सोडत नाहीत. तिसऱ्या घरी साहेबांनी भिंतीवरच्या फोटोखालचा आकडा वाकून वाचला. पाचव्या घरी त्यांनी चष्मा पुसला. शेवटी आमच्या भिंतीपुढे उभं राहून त्यांनी शिमग्याला आलेल्या मनालीला विचारलं, "मग माझ्याकडची नेमकी कितवी?"

मनालीने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बशीत बघत होतो.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची प्रत मी परत घेते."

महिन्याने ती प्रत घेऊन मनाली घरी आली. तिची एसटी यायच्या आधीपासून मी माफी घोकत होतो. तिने प्रत माझ्यापुढे ठेवली. "घ्या, तुम्हीच ठेवा. आता ही कोण घेणार?"

मी घसा खाकरला. प्रत उजेडाला धरली, पेन्सिलीचा आकडा नीट न्याहाळला आणि म्हणालो,

"ही तरी खरी पहिली ना गो?"